सहल मुक्कामांत मोजावी

बोलिव्हियाच्या नैऋत्य कोपऱ्यातील उयुनी हे १८८९ मध्ये वसलेले रेल्वेचे गाव. येथून खनिज लोहमार्गाने चिलीतील आंतोफागास्ता बंदराकडे जात असे. वाफेची जुनी इंजिने गावाबाहेर आजही गंजत उभी आहेत. आता या गावाची ओळख आहे ती रोज सकाळी निघणाऱ्या जीपगाड्यांमुळे. एका गाडीत सहा-सात प्रवासी, एक चालक, टपावर सामान, इंधनाचे कॅन आणि शिधा. कार्यक्रम जवळपास ठरलेला असतो. पहिल्या दिवशी सालार दे उयुनी हे दहा हजार चौरस किलोमीटरहून मोठे मिठाचे मैदान आणि त्यातले निवडुंगांनी भरलेले इंकावासी बेट. दुसऱ्या दिवशी लिपेस भागातली उंचावरची सरोवरे, सिलोलीचे वाळवंट आणि लागुना कोलोराडा या तांबड्या सरोवराजवळ रात्रीचा मुक्काम. तिसऱ्या दिवशी काळोखात उठून सोल दे मान्याना येथील उकळत्या चिखलाची आणि वाफेची कुंडे, मग लागुना वेर्दे, आणि तिथून चिलीची सीमा किंवा उयुनीला परत. उयुनीला परतायचे असेल तर हजार किलोमीटरच्या आसपासचा हा प्रवास तीन दिवस आणि दोन रात्रींत उरकला जातो. पेरू, बोलिव्हिया, चिली पाहायला निघालेल्या मराठी प्रवाशांपुढेही बहुधा हाच आराखडा येतो.

हा प्रदेश पाहण्यासारखा आहे आणि तो गटाने पाहावा, हेही बरोबर आहे. आक्षेप आहे तो कार्यक्रम आखण्याच्या मापावर. आज ही सहल ठिकाणांच्या यादीवर विकली जाते: किती सरोवरे, किती ज्वालामुखी, किती छायाचित्रांच्या जागा आणि ते सगळे किती कमी दिवसांत. समुद्रसपाटीवरच्या शहरांसाठी हे माप चालते. साडेतीन ते पाच हजार मीटर उंचीवरच्या कोरड्या, विरळ वस्तीच्या प्रदेशात ते धोक्याचे आहे. तिथे सहल मोजायची ती मुक्कामांवरून: रात्र कोणत्या उंचीवर, कोणत्या गावात, कोणाच्या छपराखाली जाते यावरून. हे माप स्वीकारले की तीन दिवसांचा कार्यक्रम टिकत नाही; किमान एक रात्र वाढवावी लागते. ती एक रात्र म्हणजे चैन नव्हे, तर या सहलीचा आवश्यक खर्च आहे. आज तो खर्च प्रवाशाच्या फुप्फुसांवर, चालकाच्या झोपेवर आणि लिपेसच्या जमिनीवर ढकलला जातो, म्हणूनच सहल स्वस्त दिसते.

आधी शरीराचा हिशेब पाहू. सालार दे उयुनी समुद्रसपाटीपासून ३,६५६ मीटरवर आहे. तेथे हवेतील प्राणवायूचा दाब मुंबईच्या तुलनेत साधारण ६५ टक्के असतो. लागुना कोलोराडाच्या ४,२७८ मीटर उंचीवर तो ६० टक्क्यांच्या आसपास येतो आणि सोल दे मान्यानाला, ४,८५० मीटरच्या जवळपास, ५५ टक्क्यांपर्यंत घसरतो. माणसाचे शरीर याला जुळवून घेते, पण आपल्या गतीने. श्वासाचा वेग काही तासांत वाढतो. रक्तातील आम्लतेचा तोल सावरायला मूत्रपिंडांना काही दिवस लागतात. तांबड्या पेशींची वाढ व्हायला आठवडे जातात. म्हणून उंचीच्या वैद्यकशास्त्राचा साधा नियम असा की ३,००० मीटरच्या वर गेल्यानंतर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे. दिवसा उंच खिंड ओलांडून रात्री खाली उतरले तर शरीर ते बऱ्यापैकी सोसते. रात्रीची झोप जिथे होते ती उंची खरी. आता ठरलेला कार्यक्रम या नियमाला लावून पाहा. उयुनीकडून निघाल्यास दुसऱ्या रात्री सुमारे ६०० मीटरची वाढ होते. चिलीतील सान पेद्रो दे आताकामाकडून उलट निघाल्यास परिस्थिती आणखी बिकट होते: ते गाव २,४०० मीटरवर आहे आणि पहिलीच रात्र ४,३०० मीटरच्या आसपास काढायची असते. एका दिवसात एकोणीसशे मीटर. तीच सरोवरे, तीच गाडी, तेवढेच पैसे. फक्त दिशा बदलली की धोका कितीतरी पटींनी वाढतो. तरीही जाहिरातीत दोन्ही दिशा सारख्याच सोयीच्या म्हणून दाखवल्या जातात, कारण मुक्कामाची उंची तिथे छापलेलीच नसते.

गटाने जाण्याचे फायदे मोठे आहेत. पण याच बाबतीत गट घातकही ठरू शकतो. डोके ठणकते, मळमळते, झोप लागत नाही, ही विरळ हवेच्या त्रासाची पहिली लक्षणे. ती दिसताच पुढे चढायचे थांबावे, एवढे केले तरी बहुतेकांना एक-दोन दिवसांत आराम पडतो. पण सात जणांच्या गाडीत एकट्याने ‘मला बरे वाटत नाही’ म्हणायचे म्हणजे बाकी सहा जणांची सहल अडवायची. भिडेखातर माणूस गप्प बसतो, दुखणे अंगावर काढतो आणि गाडी वर चढत राहते. ही नुसती कल्पना नाही. नेपाळमधील ट्रेकर्सच्या मृत्यूंचा अभ्यास काठमांडूतील डॉक्टरांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केला. उंचीच्या आजाराने दगावलेल्यांमध्ये संघटित गटांतून जाणाऱ्यांचे प्रमाण त्यांच्या संख्येच्या मानाने बरेच जास्त असल्याचे त्यात दिसून आले. स्वतंत्र जाणारा थकला की थांबतो. गटातला माणूस वेळापत्रकाबरोबर ओढला जातो. उपाय गट मोडण्यात नाही. वेळापत्रकातच एवढा मोकळेपणा हवा की एकाने थांबल्याने कोणाचे विमान चुकू नये. तीन दिवसांच्या आखणीत असा मोकळेपणा एका तासाचाही नसतो.

दुसरा हिशेब चालकाचा. उयुनीच्या सहलीत चालक हाच बहुतेकदा वाटाड्या असतो, तोच स्वयंपाकी आणि तोच मेकॅनिक. दिवसभर रस्ता नसलेल्या रस्त्यावर गाडी हाकायची, पंक्चर काढायचे, संध्याकाळी सर्वांचे जेवण करायचे आणि तिसऱ्या दिवशी पहाटे चार-साडेचारला कडाक्याच्या थंडीत इंजिन सुरू करायचे. जून-जुलैत इथले तापमान रात्री शून्याखाली पंधरा अंशांच्याही खाली जाते. सालारवर गाडी चालवणे सोपे वाटते, कारण समोर सगळे सपाट असते; पण त्या सपाटीतच धोका आहे. हे मैदान इतके समतल आहे की शेकडो चौरस किलोमीटरमध्ये उंचीचा फरक मीटरभराच्या आत राहतो; उपग्रहांची उंची मोजणारी यंत्रे तपासून घेण्यासाठी शास्त्रज्ञ या मैदानाचा वापर करतात. अशा जागी अंतराचा अंदाज येत नाही. डिसेंबर ते मार्चच्या पावसाळ्यात मिठावर पाण्याचा पातळ थर साचून आकाश जमिनीवर उतरल्यासारखे दिसते. ते पाहायलाच लोक येतात, पण चालकाला तेव्हा क्षितिजही सापडत नाही. काठाकडे मिठाचा थर पातळ होतो आणि खाली चिखल असतो, म्हणून ठरावीक भराव-रस्त्यांवरूनच आत शिरावे लागते. मे २००८ मध्ये याच मोकळ्या मैदानावर दोन पर्यटक-गाड्या समोरासमोर आदळून दहाहून अधिक माणसे दगावली. झाड नाही, वळण नाही, उतार नाही, तरी गाड्या आदळतात. तिथे सुरक्षितता चालकाच्या ताजेपणावर आणि वेगावर अवलंबून असते आणि या दोन्हींवर घाला घालणारे वेळापत्रक आपण स्वस्त म्हणून निवडतो.

तिसरा हिशेब जमिनीचा. मिठाच्या मैदानाला स्वतःला सावरण्याची एक सोय आहे. दरवर्षी पाऊस पडतो, वरचा थर विरघळतो, कोरड्या महिन्यांत मीठ पुन्हा जमते आणि नव्या षट्कोनी भेगांची नक्षी उठते. चाकांच्या खुणा त्या चक्रात पुष्कळशा पुसल्या जातात. पण सहलीचा दुसरा आणि तिसरा दिवस मिठावर नसतो, तो रेती आणि खडीवर असतो आणि तिथे पाऊस नगण्य असल्याने चाकाची खूण वर्षानुवर्षे राहते. वेळ वाचवण्यासाठी एका गाडीने नवी वाट काढली की दुसरी तिच्यामागे जाते आणि पाहता पाहता एका रस्त्याचे दहा समांतर पट्टे होतात. या जमिनीवरची वनस्पती फार सावकाश वाढते. यारेता नावाची हिरव्या उशीसारखी वनस्पती वर्षाला जेमतेम दीड सेंटिमीटर वाढते. तिचे काही गड्डे तीन हजार वर्षांचे असावेत असा अंदाज आहे. एकेकाळी खाणींसाठी आणि रेल्वेसाठी सरपण म्हणून ती बेसुमार तोडली गेली. इंकावासी बेटावरचे उंच निवडुंग वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. जिथे सजीवांची गती वर्षाला एक-दीड सेंटिमीटर आहे, तिथे तासाभराच्या बचतीसाठी काढलेला आडरस्ता कोणत्याही हिशेबाने महागच पडतो.

पक्ष्यांचीही गोष्ट याच धाग्यात येते. लागुना कोलोराडा ज्या एदुआर्दो आवारोआ राष्ट्रीय अभयारण्यात आहे त्याची स्थापना १९७३ मध्ये झाली. सात लाख हेक्टरांहून मोठे हे क्षेत्र. जगातल्या रोहितांच्या सहा जातींपैकी तीन इथे दिसतात. त्यांतला जेम्स रोहित विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नामशेष झाला असे मानले जात होते आणि १९५० च्या दशकात तो याच उंच प्रदेशात पुन्हा सापडला. लागुना कोलोराडा हे त्याचे प्रमुख प्रजननस्थळ आहे. या सरोवराचा परिसर १९९० मध्ये रामसर करारातील पाणथळ जागांच्या यादीत आला. घाईतला प्रवासी अशा जागी नेमके तेच करतो जे करू नये: वीस मिनिटे हाताशी असतात, म्हणून काठापर्यंत धावतो, पक्षी उडाले की छायाचित्र टिपतो आणि निघतो. बरे, घाईत रंगही नीट दिसत नाहीत. सरोवराचा तांबडा रंग सूक्ष्म शैवालांमुळे आणि गाळामुळे येतो. तो उन्हे चढल्यावर, वारा सुटल्यावर अधिक खुलतो. लागुना वेर्देचा हिरवा रंगही वाऱ्याने पाणी ढवळले की उठून दिसतो. भल्या सकाळी धावतपळत पोहोचणाऱ्यांना पुष्कळदा निस्तेज पाणी पाहून परतावे लागते.

चौथा हिशेब गावांचा, आणि माझ्या मते तो सर्वांत महत्त्वाचा. सालारच्या काठावर आणि लिपेसमध्ये राहणारी आयमारा आणि केचुआ कुटुंबे लामा पाळतात, किनवा पिकवतात, कोल्चानीसारख्या गावात मीठ खरवडून, वाळवून, पिशव्या भरून विकतात. यातले कोणतेही उत्पन्न भरवशाचे नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०१३ हे किनवा वर्ष म्हणून साजरे केले तेव्हा भाव गगनाला भिडले होते; चराऊ माळ नांगरून लोकांनी किनवा पेरला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत भाव कोसळले. पर्यटन या कुटुंबांना एक जोड देऊ शकते, पण पैसा गावात पडतो तो रात्र गावात काढली तरच. दिवसा धूळ उडवत जाणारी जीप गावाला काही देत नाही. तिचा शिधा उयुनीत भरलेला असतो, तिचे बुकिंग ला पासमध्ये किंवा परदेशात झालेले असते. परदेशी प्रवाशांकडून अभयारण्याचे दीडशे बोलिव्हियानो प्रवेशशुल्क घेतले जाते. तेही शासनाच्या तिजोरीतून फिरून येते. ताऊआ आणि सान पेद्रो दे केमेस यांसारख्या गावांनी बाहेरच्या भागीदारांना सोबत घेऊन स्वतःची हॉटेले उभी केली आहेत. अनेक ठिकाणी साधी निवासघरे गावकरी चालवतात. ही हॉटेले आणि घरे भरायची असतील तर सहलीत रात्री वाढायला हव्यात, आणि त्या योग्य ठिकाणी वाढायला हव्यात.

ही एक जादा रात्र प्रत्यक्षात कशी बसते ते पाहू. पहिल्या दिवशी सालार पाहून उत्तर काठावर, तुनुपा ज्वालामुखीच्या पायथ्याशी ताऊआ किंवा कोकेसा गावात मुक्काम करावा. उंची साधारण उयुनीएवढीच. दुसऱ्या सकाळी तुनुपाच्या उतारावर काही तास चढून खाली यावे, म्हणजे शरीराला वरच्या हवेची ओळख होते आणि झोप मात्र खालीच मिळते. मग दक्षिणेला सान हुआनसारख्या गावात दुसरी रात्र. तिसऱ्या दिवशी सरोवरांच्या वाटेने जाऊन ४,००० मीटरच्या आसपासच्या व्हिया मारसारख्या गावात तिसरी रात्र. चौथ्या दिवशी लागुना कोलोराडा आणि सोल दे मान्याना भर दिवसा पाहून सीमा ओलांडावी आणि संध्याकाळपर्यंत सान पेद्रोच्या २,४०० मीटरवर उतरावे. या आखणीत एकाही रात्री ५०० मीटरची मर्यादा ओलांडली जात नाही, तिन्ही रात्री वस्तीच्या गावात जातात आणि चालकाला पहाटे चारला उठावे लागत नाही. एक गोष्ट हातची जाते: पहाटेच्या गारठ्यात कुंडांवरची वाफ जेवढी दाट दिसते तेवढी दुपारी दिसत नाही. हा तोटा खरा आहे आणि तो मान्य करूनच मी म्हणतो की सौदा फायद्याचा आहे.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा आणि रजेचा. नोकरदार माणसाला पंधरा दिवसांची रजा मिळते, दक्षिण अमेरिकेचे विमानभाडे जबर असते, त्यात एक दिवस वाढवायचा म्हणजे दुसरे काहीतरी सोडायचे. आक्षेप रास्त आहे आणि त्याचे प्रामाणिक उत्तरही तेच आहे: सोडावे. पंधरा दिवसांत चार देश आणि बारा शहरे बसवण्याच्या हट्टातूनच ही घाई जन्मते. एकूण खर्चात विमानाचा आणि शहरी हॉटेलांचा वाटा इतका मोठा असतो की लिपेसमधल्या साध्या निवासघरातली एक जादा रात्र आणि गाडीचा एक जादा दिवस त्यात फार भर घालत नाही. उलट, आजारी पडून सहल अर्धी सोडावी लागली, दवाखाना गाठावा लागला, तर वाचवलेले सगळे पैसे एका फटक्यात जातात. आणि जो प्रदेश पाहण्यासाठी अर्धी पृथ्वी ओलांडायची, तिथे पोहोचल्यावर दोन दिवस डोके धरून बसायचे, याला काटकसर म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप अनुभवाचा: हजारो लोक दरवर्षी तीन दिवसांत ही सहल करतात, बहुतेक सुखरूप परततात, कोणी गोळ्या घेतो, कोणी कोकाच्या पानांचा चहा पितो, मग एवढी काळजी कशाला? बहुतेक सुखरूप परततात हे खरे. त्यांतले पुष्कळ जण आधी काही दिवस ला पासमध्ये किंवा कुस्कोत राहून आलेले असतात, म्हणजे उंचीचा सराव त्यांनी दुसरीकडे केलेला असतो. ज्यांनी केलेला नसतो त्यांच्यापैकी कोणाला त्रास होईल हे आधी सांगता येत नाही. रोज व्यायाम करणारा तरुण आडवा पडतो आणि त्याची आई ठणठणीत राहते, असेही घडते. शारीरिक तंदुरुस्ती या आजारापासून संरक्षण देत नाही. ॲसिटाझोलामाइडची गोळी डॉक्टरच्या सल्ल्याने घेतली तर उपयोगी पडते, पण ती चुकीच्या वेळापत्रकाला परवाना देत नाही. फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साचू लागले तर खरा उपाय प्राणवायू आणि ताबडतोब खाली उतरणे हाच असतो. लागुना कोलोराडाजवळ मध्यरात्री ही वेळ आली तर खाली कोठे उतरणार? चहूबाजूंनी चार हजार मीटरचे पठार आणि जवळचा मोठा दवाखाना कित्येक तासांवर. जोखीम थोड्यांनाच भोवते, पण भोवते तेव्हा तिथे सावरायला जागा नसते. म्हणून ती आखणीतच टाळायची असते.

तिसरा आक्षेप अधिक विचार करायला लावणारा आहे: रात्री वाढवल्या की पाणी, सांडपाणी आणि कचराही वाढणार, मग या वाळवंटाचे भले कसे होणार? या प्रश्नाला इतिहासाचा आधार आहे. १९९० च्या दशकात सालारच्या मधोमध मिठाच्या विटांचे हॉटेल बांधले गेले होते. सांडपाण्याची धड सोय नसल्याने मैदान दूषित होऊ लागले आणि २००२ मध्ये ते तिथून हटवावे लागले. पुढे नवे हॉटेल सालारच्या काठावर उभे राहिले. या धड्याचा अर्थ रात्री नकोत असा नाही. रात्र कोठे घालवावी, एवढाच आहे. आजच्या कार्यक्रमात दुसऱ्या रात्री गाड्यांची गर्दी अभयारण्याच्या अगदी आत, सर्वांत नाजूक सरोवराच्या जवळ एकवटते. तीच माणसे दोन-तीन गावांत विभागली आणि सरोवरापाशी फक्त दिवसाच नेली तर एकूण रात्री वाढूनही सरोवरावरचा भार घटतो. गावात विहीर आहे, ग्रामसभा आहे, आणि पाणी कमी पडू लागले तर पाहुण्यांची संख्या ठरवणारी माणसे आहेत. अर्जेंटिनाच्या हुहुई प्रांतातील सालिनास ग्रांदेस या मिठाच्या मैदानावर आज हेच चालते: स्थानिक समाजाचा वाटाड्या सोबत घेऊन, शुल्क भरून, ठरलेल्या वाटेनेच गाडी मिठावर न्यावी लागते. चिलीतील सान पेद्रो दे आताकामाच्या परिसरातही तिथला स्थानिक लिकानांताय समाज अनेक स्थळांचा कारभार स्वतः पाहतो.

याच आक्षेपाचा एक कडवट अवतार असा: सालारखाली लिथियम आहे, जगातला सर्वांत मोठा ज्ञात साठा, खाण आली की पर्यटकांच्या चाकांचे काय घेऊन बसलात? अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षणाच्या अंदाजानुसार बोलिव्हियात दोन कोटी टनांहून अधिक लिथियम आहे. सालारच्या आग्नेय भागात सरकारी कंपनीची बाष्पीभवनाची तळी आहेत आणि २०२३ च्या अखेरीस लिथियम कार्बोनेटचा औद्योगिक कारखाना तिथे सुरू झाला. पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवरच्या विजेच्या दुचाकींपासून हातातल्या फोनपर्यंत सगळ्यांना लिथियम लागते, त्यामुळे या खाणीकडे बोट दाखवून आपण मोकळे होऊ शकत नाही. पण म्हणूनच पर्यटन नीट करण्याचे महत्त्व वाढते. लिथियमच्या करारातून आपल्याला काय मिळणार, या प्रश्नावर सालार ज्या विभागात आहे त्या पोतोसीच्या जनतेने २०१९ मध्ये रस्त्यावर उतरून एका जर्मन कंपनीबरोबरचा प्रकल्प सरकारला रद्द करायला लावला. हिशेब मागण्याची ताकद इथल्या लोकांत आहे. पाणी आणि माळ जपून ठेवण्यामागे घरटी उत्पन्न असेल, तर खाणीशी वाटाघाट करताना त्यांच्या हातात आणखी एक बळकट कारण राहील. जीप नुसती धुरळा उडवून जाणार असेल, तर ते कारण त्यांना मिळणार नाही.

चौथा आक्षेप गटालाच आहे: मग एकट्याने, आपल्या गतीने जावे, टोळक्याने कशाला? लिपेससारख्या ठिकाणी हा सल्ला धोक्याचा आहे. तिथे खुणेचे फलक नाहीत, फोनला रेंज नाही, गाडी बिघडली तर दुसरी गाडी येईपर्यंत थंडीत बसावे लागते. अनोळखी माणसाने गाडी भाड्याने घेऊन सालारवर शिरणे म्हणजे चिखलात रुतण्याची तयारी. दहा जणांनी दहा गाड्या नेण्यापेक्षा दोन गाड्यांत दहा जणांनी जाणे जमिनीलाही सोसते. शिवाय वाटाघाटीचे बळ गटाकडेच असते. एकटा प्रवासी उयुनीच्या चौकात उभा राहून सर्वांत स्वस्त गाडी शोधतो. वर्षाला शंभर प्रवासी पाठवणारी सहल कंपनी स्थानिक व्यावसायिकाला सांगू शकते की आम्हाला चार दिवस हवेत, गाडीत प्राणवायूची नळकांडी हवी, स्वयंपाकाला दुसरा माणूस हवा, चालकाला आठ तासांची झोप हवी, आणि त्याचे पैसे आम्ही देऊ. सुधारणा घडेल ती गटांमुळेच. म्हणून जबाबदारीही त्यांच्यावरच अधिक.

मराठी वाचकाला हा प्रश्न दूरचा वाटू नये, कारण याच स्वरूपाची सहल तो दर उन्हाळ्यात लडाखला करतो. दिल्लीहून निघालेले विमान दीड तासात ३,५०० मीटरवरच्या लेहला उतरवते. पुढे नुब्रा, पांगोंग आणि वेळ असेल तर त्सो मोरीरी, त्सो कर. त्सो कर हे ४,५०० मीटरवरचे खारे सरोवर. त्याच्या काठावर मिठाचे पांढरे पट्टे असतात, चांगपा पशुपालक पिढ्यान्‌पिढ्या तिथले मीठ गोळा करून विकत आले आणि २०२० मध्ये ते रामसर यादीत आले. म्हणजे मिठाचे मैदान आणि उंचावरचे वाळवंट यांची आपली जोडी घराजवळच आहे. २०११ च्या जनगणनेत लडाखची लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या आत होती; २०२२ मध्ये तिथे पाच लाखांहून अधिक पर्यटक गेले. विमानाने येणाऱ्यांनी पहिले ४८ तास लेहमध्ये विश्रांती घ्यावी असे तिथले प्रशासन सांगते, आणि नुब्राचे मुक्काम लेहपेक्षा खालच्या उंचीवर असल्याने ते आधी आणि पांगोंग नंतर असा क्रम लावणे शहाणपणाचे ठरते. अनेक चांगल्या कंपन्या हे पाळतात. पण ‘पाच दिवसांत लेह-लडाख’ अशा जाहिरातीही निघतात आणि त्या खपतात.

ग्राहक सावकाश सहल घेत नाहीत, अशी तक्रार व्यावसायिक करतात. तिला उत्तर म्हणून कैलास-मानसरोवर यात्रेकडे पाहावे. परराष्ट्र मंत्रालयाच्या या यात्रेत निघण्याआधी दिल्लीत वैद्यकीय तपासणी होते आणि लिपुलेखच्या मार्गावर गुंजीला पुन्हा तपासणी होते. तिथे अपात्र ठरलेल्याला परत फिरावे लागते, मग त्याने कितीही वर्षे वाट पाहिलेली असो. मधले मुक्काम शरीर सरावावे म्हणून ठेवलेले असतात. तरीही अर्ज जागांपेक्षा कितीतरी जास्त येतात आणि नावे सोडतीने काढावी लागतात. त्यांत महाराष्ट्रातले यात्रेकरूही असतात. नियम स्पष्ट असला, सर्वांना सारखा लागू असला आणि त्याचे कारण आधी सांगितले असले, की लोक तो मानतात. जिथे यात्रेकरू इतके सोसतात, तिथे पर्यटक एक रात्र जास्त द्यायला तयार होणार नाही, हे गृहीत धरणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे.

तेव्हा मागणी साधी आणि मोजता येण्याजोगी आहे. ३,००० मीटरच्या वर जाणाऱ्या प्रत्येक सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत प्रत्येक रात्रीसमोर मुक्कामाच्या गावाचे नाव आणि त्याची उंची मीटरमध्ये छापलेली असावी. कोणाला त्रास झाला तर गट कोठे थांबेल, गाडी कोणत्या वाटेने खाली उतरेल आणि त्याचा खर्च कोण देईल हे लेखी असावे. चालकाबरोबर दुसरा माणूस आहे का, राहण्याची जागा गावकऱ्यांची आहे का, हेही विचारावे. यासाठी कायद्याची वाट पाहायची गरज नाही. उंची छापायला कंपनीला एका ओळीचा खर्च येतो आणि ती वाचायला प्रवाशाला अर्धे मिनिट लागते. उयुनी असो की पांगोंग, जी कंपनी हा आकडा द्यायला तयार नसेल तिच्याकडे आगाऊ रक्कम भरू नये. वर्षभरात काही हजार मराठी कुटुंबांनी एवढा एक प्रश्न विचारायला सुरुवात केली, तरी तीन दिवसांचे कार्यक्रम चार दिवसांचे होतील. कारण या व्यवसायाला ग्राहकाची भाषा लगेच कळते.